फ्रेंच प्रेसमधली कॉफी कडू आणि गढूळ का होते?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे : आपण ६०० मिलिलिटरचे काचेचे फ्रेंच प्रेस घेतले असून दुकानातून दळून आणलेल्या फिल्टर कॉफीचे सहा शिगोशीग चमचे त्यात घालता, वर उकळते पाणी ओतता आणि चार मिनिटांनी दट्ट्या खाली दाबता. कॉफी कडू लागते, कपाच्या तळाशी दाट गाळ राहतो आणि दट्ट्या दाबताना हाताला बराच जोर लावावा लागतो. कडूपणा कमी व्हावा म्हणून पूड निम्मी करून पाहिली, तेव्हा कॉफी पांचट झाली, कडूपणा मात्र गेला नाही. घरातल्या काहींना दूध घातलेली कॉफी हवी असते, तिचे काय करावे, असेही आपण विचारले आहे.

कॉफी भाजण्याच्या आणि चाखण्याच्या व्यवसायात असल्यामुळे ही तक्रार माझ्यापर्यंत वरचेवर येते आणि बहुतेक वेळा तिचे मूळ पुडीच्या बारीक दळणात सापडते. त्यात भर पडते ती घाईची. फ्रेंच प्रेस हे मुळात कॉफी भिजवण्याचे भांडे आहे. पूड गरम पाण्यात भिजते, तिचा अर्क पाण्यात उतरतो, मग चोथा जड होऊन तळाशी बसतो आणि वरची कॉफी निवळते. दट्ट्या दाबल्याने अर्क अधिक निघतो, हा समज चुकीचा आहे. दट्ट्याला लावलेल्या जाळीचे काम इतकेच की ओतताना चोथा कपात येऊ नये. या रचनेचे पहिले पेटंट फ्रान्समध्ये १८५२ साली मेयर आणि देलफोर्ज यांनी घेतले, पुढे १९२९ मध्ये मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी यांनी आणि १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी यांनी तिच्यात सुधारणा करून पेटंटे घेतली. परंतु आजच्या उत्तम प्रेसमध्येही जाळीची छिद्रे कागदी फिल्टरच्या मानाने फारच मोठी असतात आणि जाळी व काच यांच्यामध्ये बारीकशी फट राहतेच. पिठासारखी पूड त्यातून आरपार जाणार, हे त्यामुळे ठरलेलेच आहे.

दुकानात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड दक्षिणी पद्धतीच्या दोन डब्यांच्या फिल्टरसाठी दळलेली असते. त्या फिल्टरमध्ये थोडेसे पाणी पुडीच्या दाबलेल्या थरातून थेंब थेंब झिरपते, म्हणून तिथे बारीक दळण योग्यच ठरते. तीच पूड प्रेसमध्ये चार मिनिटे भरपूर पाण्यात बुडून राहिली की तिच्या प्रत्येक कणातून जे उतरायचे ते सगळे उतरते. भाजलेल्या कॉफीचा सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, परंतु चवीला हवा असतो तो त्यातला १८ ते २२ टक्क्यांपर्यंतचाच. आम्लता आणि सुगंध देणारी द्रव्ये आधी उतरतात, गोडवा त्यांच्या मागून येतो, आणि जीभ कोरडी करणारा कडवट-तुरटपणा शेवटी. आपण पूड निम्मी केली तेव्हा नेमके हेच अधिक तीव्रतेने घडले. पाणी तेवढेच आणि पूड कमी, त्यामुळे प्रत्येक ग्रॅममधून आणखी जास्त अर्क ओढला गेला, पण एकूण कॉफी कमी असल्याने कप पातळ झाला. पातळपणा आणि कडूपणा एकाच कपात नांदतात ते असे, आणि त्यावरचा उपाय पूड कमी करणे हा नसून ती जाड दळणे आणि प्रमाण वाढवणे हा आहे.

त्या पुडीत चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, आहे का, हेही पाकिटावर वाचून पाहावे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेला जवळजवळ अर्धा भाग चिकोरी असू शकतो, आणि तो पाकिटावर लिहिलेला असतो. चिकोरीचा बराच मोठा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे काळा रंग आणि कडसर दाटपणा चटकन येतो. मी चिकोरीला भेसळ मानत नाही. दुधातल्या दाट डिकॉक्शनमध्ये (फिल्टरमधून उतरलेल्या अर्कात) तिची चव अनेकांना मनापासून आवडते आणि ती आवड आदराने घ्यायला हवी. फ्रेंच प्रेससाठी मात्र निखळ कॉफीच घ्यावी, कारण या भांड्यातून बियांची मूळ चव जशी उतरते तशी फार थोड्या साधनांतून उतरते आणि चिकोरी ती झाकून टाकते.

आता दळणाविषयी. प्रेससाठी पूड जाड्या रव्याइतकी असावी. बोटांच्या चिमटीत घेतली तर कण वेगवेगळे जाणवावेत आणि बोटांना पिठूळ लेप चढू नये. ज्या दुकानातून आपण कॉफी घेता तिथे ‘फ्रेंच प्रेससाठी जाड दळून द्या’ असे सांगितले तर बहुतेक ठिकाणी दळून देतात, पण एका वेळी आठ-दहा दिवस पुरेल एवढीच आणावी. दळलेल्या कॉफीचा सुगंध झपाट्याने उडतो आणि कोकणपट्टीतल्या पावसाळी हवेत तर उघडा डबा दोन दिवसांत निस्तेज होतो. त्याहून चांगले म्हणजे अख्ख्या बिया आणून हाताने फिरवायच्या दळणीवर दर वेळी ताज्या दळाव्यात. नवे काही घ्यायचे झाले, तर महागड्या प्रेसपेक्षा चांगल्या दळणीवर पैसे खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. साध्या प्रेसमध्ये चांगले दळलेली कॉफी उत्तम होते, उलट मात्र होत नाही.

घरात फक्त मिक्सर असेल, तरी काम भागवता येते, फक्त थोडी निगुती लागते. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, ते त्यांचे तुकडे करते, म्हणून एकाच वेळी मोठ्या कण्या आणि पीठ दोन्ही तयार होतात. चटणीच्या लहान भांड्यात ३५ ग्रॅम बिया घ्याव्यात आणि बटण एकेक सेकंदच दाबावे. प्रत्येक वेळी भांडे उचलून हलवावे, म्हणजे वरचे तुकडे खाली येतात. असे आठ-दहा वेळा झाले की थांबावे, कारण सलग फिरवल्यास भांडे तापते आणि सुगंध तिथेच उडून जातो. मग ही पूड मैद्याच्या चाळणीत घालून हलक्या हाताने चाळावी. खाली पडलेले काळपट पीठ हेच आपल्या कपातल्या गाळाचे आणि कडूपणाचे मुख्य कारण आहे. वर उरलेली सुमारे ३० ग्रॅम पूड प्रेससाठी वापरावी. पीठ फेकू नये, ते झाकून ठेवून दक्षिणी फिल्टरमध्ये दुधाच्या कॉफीसाठी घालावे.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम कॉफी. आपल्या ६०० मिलिलिटरच्या प्रेसमध्ये वर फेसाला जागा सोडून ५०० मिलिलिटर पाणी मावते, म्हणून ३० ग्रॅम पूड. आपले सहा शिगोशीग चमचे साधारण १८ ग्रॅमच्या आसपास भरत असावेत. चमच्यांचा हिशोब बेभरवशाचा असतो, कारण गडद भाजलेल्या बिया हलक्या असतात आणि दळण बदलले की चमच्यात मावणारे वजनही बदलते. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा हा फारसा महाग नाही आणि तो कणीक, केक, मसाले यांच्याही उपयोगी पडतो. काटा येईपर्यंत १५ मिलिलिटरचा मापाचा मोठा चमचा सपाट भरून ५ ग्रॅम धरावा आणि असे सहा चमचे घ्यावेत. खोक्यावर ‘८ कप’ असे लिहिलेले असले तर त्यातला कप सुमारे १२५ मिलिलिटरचा असतो, हेही ध्यानात असू द्यावे. घरच्या मगांनी मोजले तर त्यातून चारच मग निघतात. शिवाय पूड आपल्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते, त्यामुळे ५०० मिलिलिटरमधून कपात ४४० मिलिलिटरपेक्षा जास्त कॉफी येणार नाही.

पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, परंतु घरी त्यासाठी तापमापक लागतोच असे नाही. काचेचे भांडे पाणी ओतताच काही अंश उष्णता शोषून घेते, म्हणून मध्यम किंवा हलक्या भाजणीच्या कॉफीवर उकळी थांबताच पाणी ओतले तरी बिघडत नाही. बिया काळ्या आणि तेलकट दिसण्याइतक्या भाजलेल्या असतील तर मात्र उकळीनंतर दोन मिनिटे थांबावे, कारण गडद भाजणीतून कडूपणा लवकर उतरतो. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तिथे थांबण्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. पाणी कुठले आहे, यानेही चवीत पुष्कळ फरक पडतो. मुंबईला तलावांतून येणारे पाणी मृदू असते आणि ते कॉफीला मानवते. कूपनलिकेच्या जड पाण्यात कॉफीची आम्लता मरून जाते आणि चव खडूसारखी सपाट होते. उलट आरओ यंत्रातून आलेल्या, जवळजवळ क्षारविरहित पाण्यात कॉफी पोकळ आणि टोचरी लागते. आरओचे पाणी वापरत असाल, तर त्यात गाळलेले नळाचे पाणी थोडे मिसळून पाहावे. पाण्यातले एकूण क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असले, की चव खुलते.

आता प्रत्यक्ष कृती. पाणी उकळत असताना थोडे गरम पाणी प्रेसमध्ये ओतून भांडे सर्व बाजूंनी तापवून घ्यावे आणि ते पाणी टाकून द्यावे. कॉफी लवकर निवते, ही तक्रार या एका पायरीने बरीचशी मिटते. भांडे बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या, काचेचे असले तरी ते गॅसवर ठेवू नये आणि तापलेले भांडे ओल्या गार ओट्यावरही ठेवू नये. मग ३० ग्रॅम पूड घालून ती हलवून सपाट करावी, घड्याळ लावावे आणि ५०० मिलिलिटर पाणी एका दमात पण सगळी पूड भिजेल असे फिरवत ओतावे. भाजून थोडेच दिवस झालेली कॉफी असेल तर फेस जोराने वर येतो, कारण बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. फेस अजिबात आला नाही, तर कॉफी जुनी आहे असे खुशाल समजावे. दट्ट्या वरच ठेवून झाकण लावावे, म्हणजे वाफ आत राहते, आणि चार मिनिटे काही करू नये.

चार मिनिटांनी झाकण काढले की वर पुडीचा जाड, तडकलेला थर तरंगताना दिसेल. चमच्याच्या पाठीने तो हळूच मागे सारत दोन-तीन वेळा फोडावा. या क्षणी नाक भांड्याजवळ न्यावे, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण कॉफीचा सगळ्यांत भरगच्च दरवळ इथेच सुटतो. व्यावसायिक चाखणीतही थर फोडतानाच्या वासाची स्वतंत्र नोंद घेतात. थर फुटताच बहुतेक पूड बुडू लागते आणि वर पिवळसर फेस व काही हलके कण उरतात. ते दोन चमच्यांनी काढून टाकावेत. या फेसात कडवट बारीक कण अडकलेले असतात. यानंतर झाकण पुन्हा ठेवून आणखी पाच मिनिटे थांबावे, आणि कॉफीच्या गुणवत्तेत सगळ्यांत मोठा फरक पडतो तो याच पाच मिनिटांनी. इतका वेळ पूड पाण्यात राहिली तर कॉफी कडू होईल, अशी भीती स्वाभाविक आहे, परंतु जाड दळणात तसे होत नाही : पाणी निवत जाते, त्यात अर्क भरत जातो, तळाशी बसलेल्या चोथ्याला कोणी ढवळत नाही, त्यामुळे अर्क उतरण्याचा वेग फारच मंदावतो. मधल्या वेळात भांड्याभोवती जाडसा नॅपकिन गुंडाळावा. कॉफी प्यायच्या वेळी वाफाळती राहते, जीभ भाजण्याइतकी मात्र नाही, आणि चव नीट कळायला तेच तापमान चांगले.

शेवटी दट्ट्या तळापर्यंत दाबायचा नाही. जाळी कॉफीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली येईल एवढाच तो उतरवावा आणि भांडे हळूहळू कलते करून निथळून घ्यावे. पार खाली दाबले की बसलेला गाळ पुन्हा उसळतो आणि इतका वेळ थांबल्याचा उपयोग राहत नाही. तळाची ५० मिलिलिटर कॉफी भांड्यातच सोडून द्यावी. तिच्या मोहाने शेवटचा कप गढूळ होतो. दट्ट्याला जोर लावावा लागत असेल, तर दळण बारीक आहे असे ते भांडे सांगत आहे. अशा वेळी बळ लावू नये, दट्ट्या थोडा वर घेऊन पुन्हा सावकाश सोडावा, कारण काच फुटून किंवा उकळते पाणी उसळून हात भाजण्याचे प्रसंग याच जबरदस्तीतून घडतात. सकाळी वेळ नसेल तर चार मिनिटांनी हळू दाबून लगेच सगळी कॉफी ओतून घेतली तरी चालेल; जाड दळणाने तीही पूर्वीपेक्षा चांगलीच होईल, थोडा गाळ तेवढा येईल.

पहिल्या कपानंतर चव पाहून फेरबदल करावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आंबट आणि अपुरी लागली तर दळण थोडे बारीक करावे. जीभ कोरडी पडली तर जाड करावे. चव योग्य आहे पण जोर कमी किंवा जास्त वाटतो, एवढ्यापुरतेच पुडीचे प्रमाण बदलावे. हा भेद लक्षात आला की अंदाज बांधणे सोपे होते.

दुधाच्या कॉफीविषयी : पूड दुधात भिजवू नये, कारण दुधातील स्निग्धांश आणि प्रथिनांमुळे अर्क नीट उतरत नाही आणि जाळी चिकटून बसते. त्याऐवजी ३० ग्रॅम पुडीला ३०० मिलिलिटर पाणी घेऊन वरच्याच कृतीने दाट कॉफी करावी आणि निथळलेल्या कॉफीत जवळजवळ तेवढेच गरम दूध मिसळावे. दूध पुन्हा पुन्हा उकळू नये. ६० ते ६५ अंशांवर ते सर्वांत गोड लागते, म्हणजे भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की आच बंद करावी. फेस हवा असेल तर धुतलेल्या रिकाम्या प्रेसमध्ये एक तृतीयांशापर्यंत गरम दूध घेऊन दट्ट्या भराभर वरखाली करावा. अर्ध्या मिनिटात छान फेस येतो. दुधासाठी भाजणी थोडी गडद घ्यावी किंवा रोबस्टा या कडक चवीच्या जातीची थोडी चांगली कॉफी मिसळावी, कारण दुधात हलक्या भाजणीची नाजूक चव हरवते. रोबस्टात कॅफीन अरेबिका या सौम्य चवीच्या जातीच्या सुमारे दुप्पट असते, हे मात्र रात्री कॉफी पिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

कोणत्या बिया घ्याव्यात, हे आवडीवर आहे, तरी सुरुवातीला कर्नाटकातल्या चिक्कमगळुरूची मध्यम भाजलेली अरेबिका घ्यावी, असे मी सुचवेन. तिची सौम्य आम्लता आणि सुकामेव्याच्या अंगाने जाणारी गोडी प्रेसमध्ये स्वच्छ उतरते. ज्यांना आंबटपणा अजिबात नको त्यांनी मॉन्सून्ड मलबार घेऊन पाहावी. मलबार किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्यातले दमट वारे लागू दिलेल्या या बिया फुगतात, फिकट होतात आणि त्यांची आम्लता जवळजवळ नाहीशी होते. प्रेसमधून तिची जी घनदाट, मातकट कॉफी उतरते ती दुसऱ्या कोणत्याही साधनातून उतरत नाही, असे माझे मत आहे. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते. तिकडे जाणे झाले तर ताज्या बिया मिळतात का, ते जरूर पाहावे. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तीच कॉफी घ्यावी. भाजल्यापासून एक ते चार आठवड्यांत ती उत्तम लागते. बिया हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवाव्यात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, तिथल्या ओलाव्याने आणि वासांनी त्या खराब होतात.

प्रकृतीविषयीची एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य असते आणि ते रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक, कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी फिल्टर ते अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. घरात कोणाचे कोलेस्टेरॉल वाढलेले असेल आणि त्यांना रोज अनेक कप लागत असतील, तर प्रेसमधली कॉफी त्यांच्यासाठी कागदी फिल्टरमधून पुन्हा गाळून द्यावी आणि डॉक्टरांना विचारावे.

स्वच्छतेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चोथा बेसिनमध्ये ओतू नये, नळी तुंबते. तो खतात टाकावा. दट्ट्याची खालची मळसूत्री गाठ फिरवली की आधाराची पट्टी, जाळी आणि वरची चकती सुटी होतात. रोज नुसते विसळले तरी आठवड्यातून एकदा हे भाग वेगळे करून साबणाने घासलेच पाहिजेत, कारण त्यांच्यामध्ये अडकलेले कॉफीचे तेल खवट होते आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या कॉफीला तोच खवट वास लागतो. खात्री करायची असेल तर धुतलेली जाळी वाटीभर कढत पाण्यात बुडवून त्या पाण्याचा वास घ्यावा. जुनाट वास आला तर जाळी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून पुन्हा घासावी. जाळीची कड उसवली किंवा वाकली असेल तर ती सरळ करत बसू नये, कारण तिथूनच सगळा गाळ वर येतो. बऱ्याच प्रेसची जाळी सुटी विकत मिळते. आपल्या भांड्याचा आतला व्यास मोजून त्याच मापाची आणावी.